आईच्या लग्नाला मी नव्हते

माझ्या आईबाबांचं लग्न लागलं त्या दिवशी दुपारी मी नाशिकच्या एका कॉलेजात पाच अनोळखी माणसांसमोर बसले होते, आणि माझ्या आईबाबांचं लग्न अजून का लागलेलं नाही हे त्या पाच जणांना समजावून सांगत होते. कॉलेजातल्या लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग गप्प होतात, मग विचारतात, म्हणजे वाढदिवसासारखं काहीतरी होतं का, लग्नाच्या पन्नाशीचं वगैरे? आमच्या पाड्यावरचे लोक हसत नाहीत. ते म्हणतात, हां, थोरली नव्हती त्या दिवशी.

मला स्वतःला हे सांगताना फारसं काही वाटत नाही. वाटायला हवं हे कळतं. गरम चहानं जीभ पोळली की दोन दिवस कशाचीच चव लागत नाही, तसं माझं पीएच.डी. झाल्यापासून चालू आहे. डॉक्टर काही म्हणाले नाहीत, कारण मी डॉक्टरांना विचारलं नाही. आमच्याकडे ज्याला ताप नाही तो आजारी नसतो.

तर आधी आमची रीत सांगते, थोडक्यात, नाहीतर नमनालाच घडाभर तेल जायचं. आमच्यात सुपारी झाली की मुलगी नवऱ्याच्या घरी राहायला येऊ शकते. लग्न त्याच वर्षी लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी, नाहीतर राहतं. लग्न म्हणजे आख्ख्या पाड्याचं जेवण, मांडव, वाजप आणि धवलेरी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्यात भटजी नसतो. धवलेरी गाणी म्हणते आणि त्या गाण्यांनी लग्न लागतं. हे सगळं जमवायचं ते होळीनंतर आणि पावसाच्या आत. दिवाळी झाली की आमची माणसं भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्टीवर जातात, होळीला परत येतात, आणि आल्या आल्या राब भाजायचा असतो, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळायचा असतो. त्यात लग्न मागं पडतं. मुलं होतात, ती मोठी होतात. यात कुणाला लाज वाटत नाही. एकाच मांडवात सकाळी आईचं आणि संध्याकाळी मुलाचं लग्न लागलेलं मी पाहिलं आहे. सासू आणि सून, दोन्ही नवऱ्या सारख्याच लाजत होत्या.

फक्त दोन गोष्टी अडतात. आईबापाचं लागल्याशिवाय पोरांचं लागत नाही. आणि जिचं लग्न लागलेलं नाही ती दुसऱ्याच्या लग्नात सवाशीण होत नाही. लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, तो सवाशिणींनी लिहायचा असतो. माझी आई जामसरच्या अलीकडच्या आमच्या पाड्यात मोखाड्याकडून आली, तेव्हा ती अठराएक वर्षांची असेल. तेव्हापासून प्रत्येक लग्नात तांदूळ वाटायला तिला बोलावत, कारण तिच्यासारखं बारीक पीठ कुणाचं होत नसे. चौक लिहायची वेळ आली की आई हात धुऊन बाहेर अंगणात येऊन बसायची. तिला कुणी ऊठ म्हणत नसे. ती आपणहून उठायची, आणि बाहेर बसून सगळ्यांत मोठ्यानं चेष्टामस्करी तीच करायची.

तिला तिचं लग्न हवं होतं. एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते लांबलं ते माझ्यामुळे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शिक्षण म्हणजे काय हे घरच्यांना माहीत नव्हतं असं मात्र नाही. साखरशेतकडच्या, जव्हारकडच्या कितीतरी घरांतली पोरं मास्तर झालेली, तहसीलात कारकून झालेली त्यांनी पाहिली होती. त्या शिक्षणाला शेवट असतो. बारावी, डी.एड., नोकरी, मोटरसायकल, पक्कं घर. माझ्या शिक्षणाला शेवटच दिसेना. आश्रमशाळा झाली, जव्हारला होस्टेल झालं, बी.ए., एम.ए., मग सेट, मग पीएच.डी. बाबा दर होळीला विचारायचे, अजून शाळाच का? मी म्हणायचे, आता शाळा नाही बाबा, आता मी शिकवते पण आणि शिकते पण. ते मान हलवायचे. एकाच वेळी पेरतो पण आणि कापतो पण असं कुणी सांगितल्यावर हलवावी तशी.

शिकवत होते तेही तासिका तत्त्वावर. जव्हारच्या कॉलेजात तासांवर प्राध्यापक. उन्हाळ्यात काम बंद, पावसाळ्यात पुन्हा अर्ज. लग्नसराई आणि विद्यापीठाच्या परीक्षा एकाच वेळी येतात हा कुणाचा दोष नाही, पण येतात. एकदा माझं सुपरव्हिजन, एकदा पेपर तपासणी, एकदा सेट, मग प्रबंधाची मुदत, मग मुदतवाढ. बाबांचं एकच म्हणणं होतं, थोरली समोर नसली तर लग्न कुणासमोर लावायचं? आणि आई म्हणायची, पोर मोकळी होऊ दे, मग लावू. पाड्यातल्या बाया मला चिडवायच्या, आईच्या लग्नात करवली कोण, तर ही मास्तरीण! कॉलेजातले मोठे बाबू हे ऐकून म्हणाले होते, आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं. त्यांना वाटलं त्यांनी फार छान म्हण योजली. मी हसले. आमच्या घरी रायबाच आईबापाच्या लग्नासाठी खोळंबला होता. धाकट्या भावानं मुलगी घरी आणलेली, त्यांना पोर झालेलं, आणि त्यांचंही लग्न आईबाबांच्या मागं अडकून पडलेलं.

माझ्या गाईड मॅडम शहरातल्या, मनानं चांगल्या. प्रबंधाचा विषय ठरवताना मी त्यांना सहज घरचं सांगितलं, तर त्या खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणाल्या, अगं, तुझ्या घरातच विषय आहे आणि तू बाहेर काय शोधतेस? मग आमच्या लोकांच्या लग्नविधींत होत गेलेला बदल हा माझा विषय झाला. मी जव्हार आणि मोखाड्यातले पाडे पालथे घातले. धवलेरींची गाणी तासन्‌तास रेकॉर्ड केली. लग्नात गेले की मोबाईल वर धरून एका जागी उभी राहायची, कारण हात हलला की चित्र हलतं. लोक सवयीनं मला वळसा घालून नाचायचे. जेवायची वेळ झाली की कुणीतरी ओरडायचं, अगं त्या खांबाला पण वाढा.

आईचीही मुलाखत घेतली. ती नाचणी दळत होती, मी मोबाईल जात्याजवळ ठेवला. ती हसत हसत बोलली. सुपारीला काय झालं, बाबा कसे घाबरलेले, पहिल्या पावसाळ्यात घर कसं गळलं, आणि दुसऱ्यांच्या लग्नात अंगणात बसून ती आतल्या सवाशिणींची कशी नक्कल करते. मीही हसले होते. रेकॉर्डिंगमध्ये आमच्या दोघींचं हसणं जात्याच्या आवाजात मिसळलेलं आहे.

व्हायवा झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनी मिठी मारली. मला काही वाटलं नाही. वाटलं, दमले असेन. जाड पुठ्ठ्याचा प्रबंध घरी आणला तेव्हा बाबांनी तो हातात तोलून पाहिला. आईनं तांदूळ निवडत निवडत सांगितलं, माझं काय लिहिलंस ते वाच. मी पान काढून वाचलं. माहितीदार क्रमांक सात. स्त्री. वय अंदाजे पंचेचाळीस. निरक्षर. विवाहविधी झालेला नाही. पुढे तिचंच बोलणं, पण शुद्ध मराठीत, आणि शेवटी माझं वाक्य: या संदर्भात माहितीदाराने खंत व्यक्त केली.

आई ऐकत होती. मग तिनं विचारलं, ही बाई सारखी रडते का?

मी म्हटलं, रडते असं कुठं लिहिलंय?

"मंग अशी का बोलते," आई म्हणाली आणि सुपात फुंकर मारून तूस उडवलं.

मी तिला खंत म्हणजे काय ते सांगायला लागले, पण ती उठून कोंबड्या हाकलायला गेली. मी प्रबंध पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला. तेव्हा मला एवढंच वाटलं, की तिला प्रबंधाची भाषा कशी कळणार.

त्यानंतरच्या पावसाळ्यात बाबांना झटका आला. भाताची आवणी, म्हणजे लावणी, संपत आलेली, ते बांधावर बसले आणि उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं. जव्हारच्या सरकारी दवाखान्यात, मग नाशिकला, मग परत घरी. बोलणं थोडं परतलं, तोंड एका बाजूला राहिलं, चालणं काठी आणि माणूस मिळून. आता मात्र थांबायचं नाही हे सगळ्यांनाच कळलं. दुसरा झटका येईल की नाही हे कुणी बोललं नाही. आईनं फक्त ठरवलं, या होळीनंतर लग्न. सकाळी तिचं, संध्याकाळी भावाचं.

मी दर रविवारी जव्हारच्या खोलीवरून घरी जायचे आणि तयारी पाहायचे. भावानं मांडवासाठी उंबराच्या फांद्या हेरून ठेवल्या होत्या. धवलेरी ठरली होती, तीच जिची गाणी माझ्या प्रबंधात सगळ्यांत जास्त आहेत. मी मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, नीट डॉक्युमेंट कर, असं उदाहरण पुन्हा मिळायचं नाही. मी मोबाईलमधली जागा रिकामी केली, जास्तीची बॅटरी घेतली. घरी आईला दाखवलंसुद्धा. आईनं बॅटरी हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि परत दिली.

मग नाशिकच्या कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. कायम पद. आमच्या भागात अशी जागा निघते तेव्हा लोक नवस बोलतात. तारीख बघितली तर लग्नाचाच दिवस. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मला वाईट वाटायला हवं होतं, निदान राग तरी यायला हवा होता. मी खोलीत बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या. रविवारी घरी जाऊन सांगितलं की मी मुलाखतीला जाणार नाही, लग्न आहे. हे म्हणताना माझा आवाज दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं इतका सपाट होता.

बाबा आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, लग्न पुढं ढकललंय. धवलेरीच्या दिराच्या घरी माणूस गेलं, तिला सुतक आहे. आता पुढच्या वर्षी.

मी लगेच मानलं. का मानणार नाही? सुतक असलेली धवलेरी लग्न लावत नाही, हे मीच लिहिलेलं आहे, चौथ्या प्रकरणात, तळटिपेसह. दुसरी धवलेरी मोखाड्यात आहे हेही मला माहीत होतं, पण ठरलेली सोडून दुसरी आणणं वाईट समजतात, हेसुद्धा मीच लिहिलेलं. शंका घ्यायला जागाच नव्हती. मी बाबांकडे पाहिलं. ते काठीच्या मुठीकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटतंय. खरं म्हणजे त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते वर बघत नव्हते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी एस.टी.नं मोखाड्यावरून, त्र्यंबकवरून नाशिकला गेले. एका मैत्रिणीकडे उतरले. इस्त्रीची साडी नेसले. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही सहाजण होतो. सगळ्यांच्या मांडीवर सारख्या फायली, सगळ्यांचे पाय सारखे हलत होते. माझे हलत नव्हते. शेजारची मुलगी म्हणाली, तुम्ही किती शांत आहात. मी म्हटलं, हो.

माझा नंबर दुपारी लागला. आत पाच जण. पहिले प्रश्न पुस्तकी होते, उत्तरंही पुस्तकीच दिली. मग एका ज्येष्ठ तज्ज्ञांनी प्रबंध चाळत विचारलं, हे माहितीदार सात, यांच्याशी तुमचा संपर्क कसा आला? मी म्हटलं, ती माझी आई आहे. एक जण पेन खाली ठेवून सरसावून बसले. त्यांनी विचारलं, म्हणजे तुमच्या आईवडिलांचा विवाह अजूनही झालेला नाही? मी म्हटलं, नाही सर, विधी व्हायचा आहे. या वर्षी ठरला होता, पण धवलेरीला सुतक आल्यानं पुढं गेला. मग मी सुतक, धवलेरी, मांडव, चौक, सवाशीण सगळं सांगितलं. मी चांगलं बोलत होते. बोलताना लक्षात येत होतं की ही जागा मला मिळणार. अध्यक्षबाईंनी मऊ आवाजात विचारलं, या सगळ्यात तुमच्या आईची भावना काय असावी?

मी म्हटलं, खंत.

त्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आले तेव्हा ऊन उतरत होतं. घरी फोन करावा असं मनात आलं, पण आमच्या पाड्यात रेंज नसते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. खिडकीतून मोहाची झाडं जात होती, कुठं कुठं भाजलेल्या राबाचे काळे पट्टे. फाट्यावर उतरून पायवाटेनं चालत गेले. विहिरीवरच्या बायांनी माझ्याकडे बघून जरा जास्तच हसून विचारलं, आलीस का?

घराजवळ आले तर भाऊ मांडवाच्या दोऱ्या सोडत होता. चारी खांब उंबराचे, पानं अजून सुकलेली नव्हती. अंगणात पत्रावळी गोळा करून ठेवलेल्या. कुत्री तिथंच सुस्त पडली होती. मी हे सगळं पाहिलं आणि माझ्या डोक्यात वाक्यं तयार झाली: विधी साधारण एक दिवसापूर्वी पार पडला असावा, जेवणाला शंभराच्या वर माणसं असावीत. भावानं मला बघितलं आणि दोरी घेऊन तो घरामागं गेला.

आत आई चुलीपाशी बसली होती. हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे, हिरव्या काचेच्या बांगड्या, गळ्यात नवे काळे मणी. तिच्यामागं भिंतीवर चौक होता, गेरूच्या जमिनीवर पांढरा, इतका ताजा की कडेचे थेंब ओघळलेले दिसत होते. माझ्या हातानं आपोआप पिशवीतून मोबाईल काढला आणि भिंतीसमोर धरला.

आई उठली आणि चौकाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मोबाईलमध्ये तिची कंबर आणि बांगड्या दिसायला लागल्या.

"ठेव तो," ती म्हणाली.

मी मोबाईल खाली केला. विचारलं, धवलेरीला सुतक आहे असं का सांगितलंस?

"दुसरं काय सांगितलं असतं तं तू मानलं असतंस?"

हे खरं होतं. पण मला काहीतरी बरं कारण हवं होतं, म्हणून ते मीच तिला दिलं. म्हटलं, माझी मुलाखत बुडू नये म्हणून केलंस ना? आईला नुसतं हो म्हणता आलं असतं. तिनं तसं केलं नाही. तिनं खरंच विचार केला. आमच्या आईची ही सवय आहे, प्रश्न विचारला की ती खरंच विचार करते.

"मुलाखत होती ती होतीच," ती म्हणाली. "नसती तरी मी तू नसशील असा दिस बघितला असता. तू आली असतीस तं मोबाईल धरून उभी राहिली असतीस. मंग मी ती सात नंबरची बाई झाली असती. मना माझ्या लग्नात नवरी व्हायचं होतं."

तिचं बोलणं मी इथं जरा शाळेच्या मराठीकडे वळवून लिहिलं आहे, पण शब्द तेच आहेत. ती रागावलेली नव्हती. एवढं बोलून ती पुन्हा चुलीपाशी बसली आणि भाकरी उलटली. मी बरं म्हटलं आणि मडक्यातलं पाणी प्यायले. गार होतं. मला कळत होतं की आत्ता काहीतरी मोठं घडलं आहे, पण ते माझ्यापर्यंत येत नव्हतं. दाताला बधिर केल्यावर डॉक्टर खणत असतात आणि आपल्याला नुसता आवाज येतो, तसं.

बाबा ओटीवर खाटेवर बसले होते. त्यांचेही तळपाय पिवळे. मला बघून तोंडाची चालणारी बाजू हसली. मुलाखत झाली का, त्यांनी विचारलं. झाली, म्हटलं. मग ते जरा पुढं वाकले. आमच्या लग्नात नवरानवरीला खांद्यावर घेऊन नाचवतात.

"मना खांद्यावर घेतला," बाबा म्हणाले. "आख्खा येळ."

"पुरे," आतून आई म्हणाली. बाबा लगेच गप्प झाले, पण त्यांचे खांदे हसण्यानं हलत राहिले. एका बाजूचा जास्त, दुसऱ्या बाजूचा कमी. त्या लग्नाबद्दल मला जे काही माहीत आहे ते एवढंच आहे.

नंतरच्या दिवसांत मी एकदोघांना विचारून पाहिलं. माणसांकडून माहिती कशी काढायची हे मला शिकवलेलं आहे. थेट विचारायचं नाही, आधी स्वतःचं काहीतरी सांगायचं, गप्प राहायचं, समोरच्याला ती शांतता भरून काढू द्यायची. भाऊ म्हणाला, आईला विचार. भावजय लाजली आणि पोराचं नाक पुसत राहिली; तिचंही लग्न त्याच संध्याकाळी लागलं होतं, तेही मी पाहिलं नव्हतं. धवलेरीकडे गेले. तिच्या घरी कसलंही सुतक नव्हतं. माझ्यासाठी तिनं रात्र रात्र गाणी म्हटली होती, एकेक ओळ थांबून समजावली होती. तिनं मला चहा दिला, शेंगा दिल्या, आणि म्हणाली, "चांगलं लागलं." मी शांत राहिले. तीही राहिली. तिची शांतता माझ्यापेक्षा जुनी होती, मला ती पेलली नाही.

शनिवारी संध्याकाळी मी आईबरोबर पाण्याला गेले. शिरपामाळाकडं फिरायला आलेल्या कुणाच्या तरी गाड्या वरच्या रस्त्यानं परत जात होत्या. विहिरीच्या वरच्या कातळावर आमच्याकडे रेंज येते. तिथं पोचलो आणि पिशवीत फोन वाजला. मॅडम होत्या. त्यांचा आवाज आनंदानं चढलेला. म्हणाल्या, झालं गं, निवड झाली तुझी, मला आतून कळलं. तुमच्या घरातून कॉलेजात कायमची जाणारी तूच पहिली ना? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तुझ्या आईबाबांच्या उदाहरणानं सगळी समिती हलली. आता ते लग्न कधी आहे सांग, मी स्वतः येते कॅमेरा घेऊन.

आई हंडा भरून कातळावर टेकली होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, लग्न झालं मॅडम.

झालं? मग तुझ्याकडे सगळं असेल ना? त्या म्हणाल्या.

माझ्याकडे बाबांचं एक वाक्य होतं. मांडवाचे खांब होते, ओघळलेल्या थेंबांचा चौक होता, हळद किती वर चढली होती तेही होतं. तेवढ्यावरून मी एक बरा लेख लिहू शकले असते. याहून कमी मालावर लोकांनी लिहिले आहेत. मी म्हटलं, नाही मॅडम. मी नव्हते तिथं. लग्न कसं लागलं ते मला माहीत नाही.

त्या म्हणाल्या, हरकत नाही, आठवतंय तोवर आईला विचारून घे. मी म्हटलं, नाही विचारणार. आणि रेंज गेली असं भासवून फोन ठेवला.

आईनं विचारलं, "नोकरी?"

"लागली."

"कायमची?"

"कायमची."

तिनं मान हलवली. पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली. मग हंड्याला हात लावून थांबली. "आन् लग्नाचं काय विचारीत होती ती?"

"कसं लागलं ते."

"मंग?"

"मला माहीत नाही म्हटलं."

आई माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पदव्यांकडे, माझ्या जाड पुस्तकाकडे, पेपरात आलेल्या फोटोकडे तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. "बरं सांगितलंस," ती म्हणाली. हंडा उचलून डोक्यावर घेतला आणि निघाली. मला म्हणाली, तो दुसरा घे.

मी दुसरा हंडा उचलला. बऱ्याच वर्षांत उचलला नव्हता, मान थरथरत होती, म्हणून दोन्ही हातांनी धरला. उतारावर आल्यावर माझे डोळे वाहायला लागले. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. हात मोकळे नसल्यानं पुसता येईनात, पाणी हनुवटीवरून गळ्यात जात होतं. आई पुढं चालत होती. मी नाक ओढलं ते तिला ऐकू आलं असणार. तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि तिनं पाहिलं नाही याचं मला फार बरं वाटलं.